चुकीमागील विचार

वजाबाकीचें एक साधें उदाहरण घेऊं. ५२ मधून २७ वजा करावयाचे आहेत. उत्तर २५. परंतु वर्गांतील दोन मुलांनीं ३५ असें लिहिलें, तर गुरुजी दोघांच्याही वहींत सारखीच फुली मारतील. पण दोघांची चूक एकच आहे काय?

पहिल्याचा समज असा कीं, प्रत्येक स्थानीं मोठ्या अंकांतून लहान अंक वजा करावा. म्हणून त्यानें ७ मधून २ काढिले. दुसऱ्यानें एक दशक उसना घेऊन १२ मधून ७ बरोबर वजा केले. पण उसना घेतलेला दशक ५ मधून कमी करावयाचा असतो, हें त्यास ठाऊक नाहीं. उत्तर एक, वाटा भिन्न! आतां दोघांस ५४ मधून २८ वजा करण्यास सांगा. पहिला ३४ लिहील, दुसरा ३६. आणि दोघांच्या चुकीचें मर्म उघड होईल.

यंत्राच्या साह्यानें शिकविण्याच्या कामीं हीच गोष्ट महत्त्वाची ठरली आहे. अमेरिकेंत सिडनी प्रेसी यांनीं १९२० नंतरच्या दशकांत एक शिक्षणयंत्र बनविलें. दिलेल्या उत्तरांपैकीं एकाची कळ दाबावयाची. योग्य कळ दाबल्यावरच पुढील प्रश्न येई. परंतु मूल कां चुकलें, हें त्या यंत्रास कळत नसे. पुढें १९७८ मध्यें जॉन सीली ब्राउन व रिचर्ड बर्टन यांनीं ‘बग्गी’ नांवाच्या संगणक-योजनेची माहिती प्रसिद्ध केली. तींत संगणक चुकणाऱ्या विद्यार्थ्याचें सोंग घेई. भावी शिक्षकांनीं त्यास उदाहरणें घालावीं व उत्तरांवरून त्याचा चुकीचा नियम ओळखावा. मुलांच्या पुष्कळशा चुका निष्काळजीपणाच्या नसतात, मनांत बसलेला चुकीचा नियम तीं इमानानें पाळीत असतात, हें यावरून ध्यानीं आलें.

अर्थात् एकाच उत्तरावरून निवाडा करूं नये. कारण एखादी चूक केवळ अनवधानानेंही होते. तीच रीत अनेक उदाहरणांत आढळली, तरच तो नियम समजावा. म्हणून शिक्षक मनुष्य असो वा यंत्र, योग्य उदाहरणें निवडून मुलाची विचारपद्धति जाणणें हें त्याचें पहिलें कर्तव्य होय.

पालकांनींही मुलावर रागें भरण्यापूर्वीं “हें तूं कसें केलेंस?” असें शांतपणें विचारावें. आणि विद्यार्थ्यांनीं चुकलेलें उदाहरण घाईनें खोडूं नये. तें गुरुजींस दाखवावें. खोडलेल्या आंकड्यांवरून कोणासही कांहीं शिकवितां येत नाहीं.