लोणार पायी उतरून पाहावे

लोणारला येणारे बहुतेक पर्यटक कड्यावरून सरोवराचे फोटो काढतात आणि तसेच सिंदखेडराजा किंवा शेगावच्या वाटेला लागतात. वरून दिसणारे दृश्य देखणे आहेच. पण बुलढाणा जिल्ह्याच्या या ठेव्याचा खरा इतिहास उतरणीवर आहे, आणि तो पायी उतरल्याशिवाय कळत नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे असावे, असे बराच काळ मानले जाई. तळाखालच्या खडकांत प्रचंड आघातानेच तयार होणारी मास्केलिनाइट ही काच सापडली आणि १९७३ मध्ये उल्कापाताचा पुरावा जगापुढे आला. त्या आघाताची खूण चालणाऱ्यालाही दिसते. दख्खनमध्ये एरवी आडवे पसरलेले काळ्या पाषाणाचे थर इथे काठाशी वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले आहेत.

पुढे निसर्ग आणि माणूस यांचा इतिहास एकाच पायवाटेवर भेटतो. वरच्या अंगाला धारेचे गोडे पाणी अखंड वाहते, तळाशी मात्र पाणी खारे आणि क्षारयुक्त. उतारावर पानगळीचे जंगल, खाली बाभळी आणि काठाशी खाऱ्या चिखलाचा पट्टा. झाडीत यादवकाळाची आठवण देणारी जुनी देवळे आहेत, पाण्यालगत कमळजादेवीचे ठाणे आहे. या काठावरून दल्ला, खुप्पल, पापडी असे क्षार काढले जात. साबण आणि काच बनवण्याच्या इथल्या साहित्याची नोंद सोळाव्या शतकातल्या ‘ऐन-ए-अकबरी’नेही घेतली आहे. म्हणजे ज्या पाण्याकडे आपण केवळ नवल म्हणून पाहतो, त्यावर कित्येकांची चूल पेटत होती.

माणसांची वर्दळ वाढली तर विवराच्या परिसरातल्या अभयारण्याची नासधूस होईल, हा आक्षेप रास्त आहे. २०२० मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेली ही जागा नाजूक आहे. त्याच वर्षी जूनमध्ये खारटपणा वाढल्याने फोफावलेल्या सूक्ष्मजीवांमुळे पाणी गुलाबी झाले होते. पण ठरलेल्या वाटेने, मोजक्या संख्येने आणि वाटाड्यासोबत उतरणाऱ्या माणसांपेक्षा वरून येणारे सांडपाणी, प्लॅस्टिक आणि काठाशी होणारी बांधकामे जास्त घातक आहेत. मोठी हॉटेले आल्याशिवाय रोजगार कसा मिळणार, असेही विचारले जाते. कड्यावरून परतणारा पाहुणा गावात फारसे काही खर्चत नाही. उतरणाऱ्याला मात्र वाटाड्या लागतो, जेवण लागते, अनेकदा मुक्कामही लागतो, आणि हा पैसा थेट स्थानिक घरांत जातो. ज्यांना उतरणे झेपत नाही, त्यांच्यासाठी गावातले कोरीव दैत्यसूदन मंदिर आहेच. म्हणून लोणारच्या विकासाची सुरुवात नव्या इमारतींपासून न करता नीट आखलेल्या पायवाटा आणि प्रशिक्षित स्थानिक वाटाडे यांच्यापासून व्हावी. समजून पाहिलेल्या जागेचीच माणूस मनापासून काळजी घेतो.