टोपलीखाली

सुरूच्या बनातून बाहेर पडताच पुळण तळपायांना चटका देते. साडेपाच वाजले तरी दिवसभराचं ऊन वाळूत शिल्लक आहे. हौसेनं चपला हातात घेतलेले लोक गुपचूप त्या पुन्हा पायांत घालतात. फेब्रुवारी संपत आलाय. मंडणगड तालुक्यातल्या वेळासचा हा किनारा. समोर एवढा समुद्र पसरलेला, आणि झाडून सगळे त्याच्याकडे पाठ करून उभे आहेत.

बघायचंय ते कुंपणाच्या आत. जाळी, चार खांब, आणि वाळूवर ओळीनं उपड्या घातलेल्या टोपल्या. प्रत्येक टोपलीशेजारी एक पाटी. तिच्यावर घरटं सापडल्याची तारीख आणि अंड्यांचा आकडा. कुठे ऐंशीच्या आसपास, कुठे सव्वाशेच्या वर.

अंडी मुळात घातली गेली ती दुसरीकडेच. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर चढते, मागच्या वल्ह्यांनी दीडेक फूट खड्डा उकरते, अंडी घालते, वाळू थापटते आणि निघून जाते. पुन्हा फिरकत नाही. पहाटे गावातले कासवमित्र मागावरून खड्डा शोधतात. काठीनं हलकेच टोचून बघायचं. वाळू भुसभुशीत लागली की पुढे हातानं उकरायचं. अंडी टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, पांढरी, मऊसर कवचाची. ती धक्का न लावता, न फिरवता इथे आणायची आणि तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. कोल्ह्याला काठी लागत नाही. तो नाकानं शोधतो आणि बऱ्याचदा आधी पोचतो. पूर्वी माणसंही पोचायची, अंडी खायला आणि विकायला. वेळासला हे राखणीचं काम सुरू झालं २००२ साली.

दोरीच्या अलीकडे गर्दी वाढतेय. पुण्या-मुंबईच्या गाड्या, खांद्यावर पोरं, लांब भिंगांचे कॅमेरे. पुढच्या जागेसाठी सौम्य शब्दांत भांडण चालू आहे. घाम वाळत नाही.

“येतील ना हो पिल्लं?” एक आजोबा विचारतात.

“बघायचं,” कुंपणातला मुलगा मान वर न करता म्हणतो.

अंडी फुटायला ४५ ते ६० दिवस लागतात. पाटीवरच्या तारखेवरून अंदाज बांधता येतो, मुहूर्त काढता येत नाही. वाळू तापलेली असेल तर लवकर, गार असेल तर उशिरा. त्याच उबेवर नर की मादी हेही ठरतं. जास्त ऊब मिळाली की माद्या जास्त. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला टोपल्या उचलायच्या वेळा लोकांसाठी. कासवमित्र मधेही उचलून बघत असतात, भर दुपारीसुद्धा. ते बघायला कुणी येत नाही.

पहिली टोपली उचलली जाते. काही नाही. दुसरी. काही नाही. गर्दीतून एक उसासा येतो. तिसरीखाली वाळू मधोमध बशीएवढी खचलेली आहे. मुलगा गुडघ्यांवर बसतो. खचलेल्या जागेतून एक काळपट नाक वर येतं. डोळ्यांवर वाळू चिकटलेली, चोचीच्या टोकावर कवच फोडायचा इवला दात. मग एक वल्हं. मग त्याच्या डोक्यावर पाय देऊन दुसरं पिल्लू, आणि पाहता पाहता ती बशी वळवळायला लागते.

मोजून पिल्लं टोपलीत घेतात. पाण्यापासून काही पावलं अलीकडे, दोन दोऱ्यांच्या मधे सोडतात. थेट पाण्यात नाही. एवढं अंतर त्यांनीच चालायचं, किनारा ओळखीचा व्हावा म्हणून. मोठ्या झालेल्या माद्या जन्मकिनाऱ्याच्या परिसरात परततात असं मानतात. सगळ्याच नव्हे, हेही आता दिसलंय: २०२१ साली ओडिशात खूण लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली.

आता कुणी बोलत नाही. तळहातात मावेल एवढा जीव बुटाच्या ठशात अडकतो, उताणा होतो, पुन्हा सुलटा होतो. पहिली लाट त्याला उचलते आणि होता त्याच्याही मागे आणून टाकते. पोरं ओरडतात, “चल चल चल!” दुसरी लाट घेऊन जाते. टाळ्या. हजारात एखादंच मोठं होतं असं म्हणतात. हा आकडा इथे सगळ्यांना पाठ आहे, तरी टाळ्या प्रत्येकाला मिळतात. मलाही वाजवाव्याशा वाटतात.

मुलगा वहीत आकडा लिहितो. बनाच्या कडेला एक काकू मोबाइलवर घरी कळवतायत, “चौदा पानं धर, आणि मोदक वाढव थोडे.” पाहुण्यांची सोय गावातल्या घरांतच. या हंगामात कासव घरखर्चालाही हातभार लावतं.

अंधार पडतो. परतणाऱ्यांच्या बॅटऱ्या एकेक करून लागतात.

“ओ, बंद करा त्या!” मागून मुलाचा आवाज येतो. “मादी वर यायची वेळ झाली. उजेड दिसला की फिरते मागे.”