पदकांची पारख

जुन्या पदकांचा संग्रह म्हटला की हा श्रीमंतांचा शौक, आपल्याला त्याचे काय, असे पुष्कळांना वाटते. वागळे इस्टेटीतल्या मंडळींना तरी तसे वाटू नये. पदक हे अखेर डाय आणि प्रेस यांचेच काम. त्याची पारख करण्यात लेथवर हात बसलेला कारागीर पुस्तकी संग्राहकाला सहज मागे टाकील.

उदाहरणार्थ, नॅव्हारिनोची लढाई घेऊ. १८२७ साली ग्रीसच्या किनाऱ्यावर इंग्रज, फ्रेंच व रशियन आरमारांनी मिळून तुर्की व इजिप्शियन आरमाराचा फडशा पाडला. निव्वळ शिडाच्या जहाजांनी लढलेली ही शेवटची मोठी लढाई. इंग्रजांचा सेनापती कॉड्रिंग्टन ज्या 'एशिया' जहाजावर होता, ते मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेले, १८२४ साली पाण्यात उतरलेले! खलाशांना पदक मात्र वीस वर्षांनी, १८४७ मध्ये मंजूर झाले. तेही हयात असून अर्ज करील त्यालाच. या पदकाची कड भिंगाखाली पाहावी. तेथे खलाशाचे नाव ठोकलेले असते, आणि नावावरून जहाजाच्या हजेरीपटापर्यंत पोहोचता येते.

येथेच फसगतही होते. मूळ पदक पोलादी ठशांत दाबून पाडलेले. नक्कल करणारा त्यावरून साचा घेऊन धातू ओततो. ओतलेला धातू थिजताना आकसतो, म्हणून नक्कल व्यासाने किंचित कमी भरते. अक्षरे बोथट, अंगावर बारीक छिद्रे, कडेला कानशीचे ओरखडे. कॅलिपर आणि तराजू एवढ्यावर निम्मे काम होते. नव्या ठशांनी पाडलेल्या नकलांना मात्र ही कसोटी पुरत नाही. आणि घरच्या गृहिणीला हात जोडून सांगावे, की पदकाला चिंच लावू नका! घासलेली नावे परत येत नाहीत. शंभर वर्षांवरील पदक १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते खाजगी रीतीने परदेशी पाठवता येत नाही.

आता आपल्या बाजूचे. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, तेव्हा त्यांच्या मुंबई आरमाराचा कमोडोर वॉटसन प्राणांतिक जखमी झाला. पुढे १७७८ ते १७८४ च्या मोहिमांबद्दल कंपनीने हिंदी शिपायांना 'डेक्कन' पदक दिले. एका बाजूस ब्रिटानिया, दुसऱ्या बाजूस फारसी मजकूर. मराठ्यांशी लढल्याबद्दल आपल्याच देशबांधवांना मिळालेले हे पदक जपावे काय, असा प्रश्न निघतो. आम्ही म्हणू, अवश्य जपावे. पराभवाचाही पुरावा लागतो. मराठे शूराला सोन्याचे कडे वा पोशाख देत. कडे सोनाराच्या मुशीत जाते, पोशाख विरतो. त्यांचा माग काढायचा तर दप्तरातले कागदच चाळावे लागतात.