मोबाईलने उल्का मोजता येतात का? वऱ्हाडातल्या एका थंड रात्रीचा हिशोब

दरवर्षी डिसेंबर आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतो. ‘१४ डिसेंबरच्या रात्री ताशी १५० उल्का दिसणार, गच्चीवर जा!’ लोक गच्चीवर जातात, दहा मिनिटं मान वर करून उभे राहतात, एखादी उल्का दिसली तर दिसते, नाहीतर ‘काही नाही बे, फेकाफेकी आहे’ म्हणून खाली येतात.

एका वर्षी अशी फेकाफेकी मीच केली होती. ती गोष्ट आधी सांगतो, मग मोबाईलचं बघू.

आमचा आकाशनिरीक्षणाचा छोटा ग्रुप आहे. निम्मे अमरावतीचे, निम्मे अकोल्याचे. दोन्हीकडून सोयीचं पडतं म्हणून आम्ही मूर्तिजापूरजवळ, हायवेपासून बरंच आत, एका मित्राच्या शेतात जमतो. तिथून पश्चिमेला अकोल्याचा आणि ईशान्येला अमरावतीचा पिवळसर उजेड क्षितिजावर दिसतो. डोक्यावरचं आकाश मात्र बऱ्यापैकी काळं असतं.

त्या रात्री आम्ही सहा जण होतो. प्रत्येकाने आपापल्या उल्का मोजल्या. कुणाच्या २८, कुणाच्या ३३. मी उत्साहात सहाही आकडे बेरीज केले आणि स्टेटस टाकलं : ‘एका तासात १८० उल्का!’ दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतले एक काका दोन्ही पोरांना स्कूटरवर बसवून त्याच शेतावर आले. तासभर थंडीत बसून चार उल्का दिसल्या. धाकटा पोट्टा रडायला लागला. काका मला काही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

चुका दोन होत्या. एकच उल्का सहा जणांना दिसते, म्हणून बेरीज केली की ती सहा वेळा मोजली जाते. आणि मिथुन राशीचा हा वर्षाव त्याच्या मुख्य रात्रीनंतर झपाट्याने ओसरतो. काका एक रात्र उशिरा आले होते, आणि माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून आले होते.

१५० चा आकडा येतो कुठून?

१९८३ मध्ये आयरास या उपग्रहाने फेथॉन नावाचा लघुग्रह शोधला. साधारण ५ किलोमीटर व्यासाचा हा दगड दर १.४ वर्षांनी सूर्याभोवती फेरी मारतो. त्याच्या मार्गात पसरलेल्या कणांमधून पृथ्वी दर डिसेंबरमध्ये जाते. वाळूच्या दाण्यापासून खड्यापर्यंतचे हे कण सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने वातावरणात घुसतात आणि साधारण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर चमकून संपतात. पुनर्वसू नक्षत्राच्या दोन ठळक ताऱ्यांपैकी कॅस्टरच्या जवळून त्या सगळ्या निघाल्यासारख्या वाटतात.

१५० हा आकडा आदर्श स्थितीचा आहे : उगमबिंदू थेट डोक्यावर, आकाश इतकं काळं की ६.५ प्रतीचा अंधुक ताराही दिसावा. (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक.) आपल्याकडे असं नसतं. गणित सोपं आहे : तुम्हाला दिसणारा सर्वांत अंधुक तारा एका प्रतीने कमी झाला की उल्कांची संख्या साधारण अडीच पटीने घटते.

आमच्या शेतात ५ व्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. त्या हिशोबाने १५० चे होतात साधारण ३५. शहराच्या कडेला, जिथे ४ थ्या प्रतीपर्यंतच दिसतं, तिथे उरतात १४. तेही उगमबिंदू वर आल्यावर. रात्री दहाला तो पूर्वेला ३२ अंशांवरच असतो, तेव्हा संख्या निम्मीच धरा. अमरावती-अकोल्यात तो सर्वांत उंच येतो मध्यरात्रीनंतर, सव्वादोनच्या सुमारास.

म्हणजे आमच्या माणशी २८ ते ३३ उल्का अगदी बरोबर होत्या. बेरजेने त्या खोट्या झाल्या.

कोणती रात्र निवडायची? भिंतीवरचं कॅलेंडर बघा

अ‍ॅप उघडण्याआधी तिथी बघा. पौर्णिमेला चंद्र रात्रभर आकाशात, त्यामुळे अंधुक उल्का गेल्या. शुक्ल पंचमीला तो रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे नंतरची रात्र मोकळी. पुढच्या प्रत्येक तिथीला साधारण पाऊण तास वाढवत जा. कृष्ण अष्टमीला तो मध्यरात्री उगवतो. २०२६ मध्ये अमावास्या ९ डिसेंबरला आहे, म्हणून १४ डिसेंबरची मध्यरात्रीनंतरची वेळ चांगली काळी मिळेल.

ऑगस्टमधला ययाती तारकासमूहाचा वर्षाव जगभर प्रसिद्ध आहे, पण १२-१३ ऑगस्टला वऱ्हाडावर ढग असतात. म्हणून आपल्यासाठी खरा हंगाम डिसेंबरचाच.

जागेचं म्हणाल तर चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे आणि तिथलं आकाश सुंदर असतं, पण मेळघाटच्या जंगलात रात्री परवानगीशिवाय घुसायचं नाही. विदर्भातल्याच पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. अंधारही जपण्याची गोष्ट आहे, हे त्यातून कागदावर आलं. ओळखीच्या माणसाचं शेत मात्र सगळ्यात उत्तम. एकटे जाऊ नका, घरी सांगून जा.

मोबाईल उल्का का पकडत नाही?

सगळ्यांची तक्रार असते : ‘डोळ्यांना दिसली, फोटोत आली नाही.’ कारण समजून घ्या.

तारा एका जागी असतो. तुम्ही शटर १५ सेकंद उघडं ठेवलं तर त्याचा १५ सेकंदांचा प्रकाश सेन्सरच्या त्याच पिक्सेलवर जमा होतो. म्हणून डोळ्यांना न दिसणारे तारेही फोटोत येतात. उल्का मात्र अर्ध्या सेकंदात आकाशाचा मोठा तुकडा पार करते. त्या अर्ध्या सेकंदात तिची प्रतिमा सेन्सरवरच्या शेकडो पिक्सेलवरून पळते, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला सेकंदाचा हजारावा भागही येत नाही. शटर १५ ऐवजी ३० सेकंद ठेवलं तरी उल्का जास्त उजळ होणार नाही. वाढेल तो फक्त मागचा पिवळा उजेड.

दुसरी गंमत नाईट मोडची. तो एकामागोमाग अनेक फोटो काढून एकत्र करतो आणि एकाच फोटोत दिसलेली गोष्ट पुष्कळदा ‘नॉईज’ समजून पुसतो. उल्का एकाच फोटोत असते. म्हणजे फोनने पकडलेली उल्का फोनच पुसू शकतो!

म्हणून असं करा :

१. नाईट मोड बंद, प्रो मोड चालू. वाईड नाही, मुख्य १एक्स कॅमेरा वापरा. त्याचं भिंग जास्त प्रकाश घेतं.
२. आयएसओ १६०० ते ३२००, शटर १५ सेकंद, फोकस मॅन्युअल करून अनंतावर.
३. ट्रायपॉड नसेल तर विटांच्या आधाराने फोन पक्का ठेवा. हाताने बटण दाबलं की हलतो, म्हणून टायमर लावा.
४. उगमबिंदूकडेच रोखू नका. त्यापासून जरा बाजूला, उंचावर रोखा. तिथे शेपट्या लांब येतात.
५. एकामागोमाग फोटो चालू ठेवा. १५ सेकंदांनी एक म्हणजे तासाला २४० फोटो. जागा आणि पॉवर बँक आधी बघून घ्या. थंडीत बॅटरी लवकर उतरते.

सकाळी फोटो तपासताना ओळखायचं कसं? रेघ सलग दोन-तीन फोटोंत पुढे सरकत असेल तर उपग्रह. रेघेवर टिपके-टिपके असतील तर विमान. एकाच फोटोत, दोन्ही टोकांना निमुळती रेघ असेल तर ती बहुधा उल्का.

मोजणीसाठी स्क्रीन नको, आवाज वापरा

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि एकदा स्क्रीन बघितली की ती सवय गेली. दिशा शोधायला स्टेलॅरियम किंवा स्काय मॅप सुरुवातीलाच वापरा, लाल नाईट मोड लावून. बाण चुकीचा दाखवत असेल तर चुंबकाचं कव्हर काढा आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, म्हणजे आतला होकायंत्र-सेन्सर ताळ्यावर येतो.

त्यानंतर व्हॉईस रेकॉर्डर चालू करून फोन खिशात. उल्का दिसली की बोला : ‘मिथुनची, कॅस्टरएवढी’ किंवा ‘इकडची-तिकडची, मंद’. वेळ रेकॉर्डिंगवरून आपोआप मिळते. नियम एकच : स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलीच मोजायची. शेजारी ‘अरे ती बघ!’ ओरडला म्हणून धरायची नाही. अशा एकेकट्याच्या नोंदी १९८८ पासून काम करणारी आंतरराष्ट्रीय उल्का संघटना तिच्या वेबसाईटवर घेते. तिला प्रत्येकाचा वेगळा आकडा, वेळ आणि दिसलेला सर्वांत अंधुक तारा हवा असतो, बेरीज नको असते.

आणि ते २ एप्रिल २०२२ चं काय?

गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भभर लोकांनी आकाशात जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या. कुणी उल्कापात म्हणालं, कुणी क्षेपणास्त्र. नंतर चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीला धातूचं मोठं कडं सापडलं. चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तो टप्पा असावा, असं अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं.

हे व्हिडिओवरूनही ओळखता आलं असतं. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू सेकंदाला साधारण ८ किलोमीटरच्या वेगाने येते. बाहेरून येणारी उल्का किमान ११ आणि कमाल ७२ च्या वेगाने. म्हणून उल्का ‘बघ’ म्हणेपर्यंत संपते. रॉकेटचे तुकडे मात्र रांगेने, संथपणे जातात आणि मोबाईल काढून व्हिडिओ घ्यायला वेळ देतात. असं काही दिसलं तर तारीख, वेळ, दिशा आणि स्वतःची जागा लिहून ठेवा. जमिनीवर तुकडा दिसला तर हात लावू नका, पोलिसांना कळवा.

गेल्या वेळी रात्री एकला बाजूच्या शेतातले दादा हरभऱ्याला पाणी द्यायला आले. रात्रीची लाईन होती. बॅटरी आमच्यावर मारून म्हणाले, ‘झोप सोडून कायले बसले बाप्पा इथं?’ सांगितलं. ते हसले. ‘तारे तुटणं तं आमी रोजच पायतो. मोजत कोनी नाही.’

त्यांना रेकॉर्डर कसा चालवायचा ते दाखवलं. पहाटे चारला मोटर बंद करून ते परत आले, तेव्हा त्यांच्याकडे २१ होत्या. माझ्याकडे २६. मी बेरीज केली नाही.

त्याच रात्री काकाही आले होते, दोन्ही पोरांना घेऊन. या वेळी मी आधीच सांगितलं होतं : मुख्य रात्र, बारानंतर, ब्लँकेट आणा, तासाला तीसएक धरा. धाकट्याने सतरा मोजल्या आणि मग झोपला.