नकोशी मालकी

अणुशक्तीच्या विरोधकांनी अणुकचऱ्याची वाट अडविली असती तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते; परंतु 1979 च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या हॅनफर्ड येथील कचराभूमीचे दार ज्या गव्हर्नरबाईंनी काही काळ बंद करविले, त्या डिक्सी ली रे या स्वतः प्राणिशास्त्रज्ञ, केंद्रीय अणुशक्ती आयोगाच्या माजी अध्यक्ष आणि अणुविजेच्या कट्टर पुरस्कर्त्या होत्या. त्यांची तक्रार अणूविरुद्ध नव्हतीच. देशाच्या दुसऱ्या टोकाकडून येणाऱ्या मालमोटारी सदोष असतात, पिंपांची बांधणी ढिसाळ असते, आणि ज्यांनी हा कचरा निर्माण केला ती राज्ये मात्र निर्धास्त असतात, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्याच महिन्यात नेव्हाडाचे गव्हर्नर रॉबर्ट लिस्ट यांनीही बीटी येथील कचराभूमी तात्पुरती बंद केली. तेथे मे महिन्यात वैद्यकीय कचरा घेऊन आलेल्या एका मालमोटारीने पेट घेतला होता. तिसरी जागा दक्षिण कॅरोलिनातील बार्नवेलची. मार्चअखेर थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाल्यावर तेथील कचरा बार्नवेलला येऊ देण्यास गव्हर्नर रिचर्ड रायली यांनी साफ नकार दिला होता, आणि आता वर्षाकाठी स्वीकारावयाचा माल दोन वर्षांत निम्म्यावर आणण्याचे त्यांनी जाहीर केले. सबंध देशात व्यापारी तत्त्वावर चालणाऱ्या अशा जागा त्या वेळी या तीनच उरल्या होत्या. न्यूयॉर्कमधील वेस्ट व्हॅली, केंटकीतील मॅक्सी फ्लॅट्स आणि इलिनॉयमधील शेफील्ड या आणखी तीन जागा 1975 ते 1978 या अवधीत एकामागून एक बंद पडल्या होत्या, आणि समुद्रात पिंपे बुडविण्याचा त्याहून जुना प्रघात 1970 सालीच थांबला होता.

हा कचरा म्हणजे नेमके काय, याचे उत्तर कायदा नकाराच्या भाषेत देतो: जे वापरलेले अणुइंधन नव्हे, जो त्या इंधनाच्या पुनर्प्रक्रियेतील जहाल अवशेष नव्हे, आणि जो युरेनियमच्या गिरणीतील चोथाही नव्हे, ते उरलेले सारे अल्पस्तरीय. त्यामुळे एकाच नावाखाली अत्यंत विजोड वस्तू एकत्र आल्या. वीजकेंद्रातील कामगारांचे हातमोजे व अंगरखे, पाणी शुद्ध करणारी रेझिने, भट्टीच्या आतील धातूचे तुकडे, प्रयोगशाळेतील मेलेले उंदीर, आणि इस्पितळांतील व संशोधनसंस्थांतील लक्षावधी चिमुकल्या कुप्या. या कुप्यांत किरणोत्सार मोजण्यासाठी टोल्युइनसारखा ज्वालाग्राही द्रव घातलेला असे. त्यांतील किरणोत्सार नगण्य, पण पिंप गळले किंवा पेटले की बोभाटा मात्र अणूच्या नावाने होई. 1979 च्या टाळेबंदीत प्रथम गुदमरले ते वीजकेंद्रांच्या आधी इस्पितळे व विद्यापीठे, कारण त्यांच्यापाशी साठवणीला जागा नव्हती. अखेर 1981 मध्ये केंद्रीय अणुनियामक आयोगाने ठरावीक मर्यादेखालील ट्रिटियम आणि कार्बन-14 असलेल्या कुप्यांना किरणोत्सारी कचऱ्याच्या नियमांतून सूट दिली, आणि एका लेखणीच्या फटकाऱ्याने कचऱ्याचा मोठा भार हलका झाला.

1982 च्या नियमावलीने या कचऱ्याचे अ, ब, क असे चढते वर्ग पाडले. जागा बंद झाल्यावर 100 वर्षे तिच्यावर शासकीय पहारा असावा, आणि क वर्गाचा माल असा पुरावा की 500 वर्षांनी कोणी अजाणता तेथे खणू लागला तरी त्याला अपाय होऊ नये, अशी अट तीत आहे. हे 500 वर्षांचे अभिवचन देणाऱ्या प्रजासत्ताकाचे स्वतःचे वय तेव्हा जेमतेम 200 च्या पुढे गेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे राज्यांच्या साशंकतेला केवळ अडाणीपणा म्हणता येत नाही. शिवाय जुना अनुभवही काही फारसा दिलासा देणारा नव्हता. मॅक्सी फ्लॅट्स येथे चिकणमातीत चर खणले होते. माती पाणी झिरपू देत नाही म्हणून ती जागा पसंत केली, आणि नेमक्या त्याच गुणामुळे पावसाचे पाणी चरांत साचून चर काठोकाठ भरले. वेस्ट व्हॅलीतही हाच प्रकार घडला. बीटीचे वाळवंट कोरडे खरे, परंतु तेथील कामगार पुरण्यासाठी आलेली हत्यारे घरी घेऊन जात, आणि किरणोत्सारी कचऱ्याच्या कामी वापरलेले एक काँक्रीट मिश्रणयंत्र गावातील फरशा ओतण्यासही वापरले गेले होते, असे 1976 मध्ये उघडकीस आले. ज्या फरशीवर उभे राहून गावकरी गप्पा छाटीत, तिचीच मोजणी करण्याची पाळी अधिकाऱ्यांवर आली.

मग राज्याने सरळ दार लावून का घेऊ नये? येथे अमेरिकेची राज्यघटना आडवी येते. राज्याराज्यांमधील व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे केंद्रीय कायदेमंडळाचा. आणि परराज्यातील कचऱ्याला बंदी करणारा न्यू जर्सीचा कायदा रद्द करताना कचरा हाही व्यापारी मालच होय, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दिला होता. वॉशिंग्टनच्या मतदारांनी 1980 च्या नोव्हेंबरात सुमारे तीनचतुर्थांश मतांनी परक्या अणुकचऱ्याला मज्जाव करणारा कायदा संमत केला, तोही न्यायालयांनी याच आधारावर निकालात काढला. तात्पर्य, अडवणुकीची मुभा हवी असेल तर ती काँग्रेसकडूनच मागून घेणे भाग होते, आणि गव्हर्नरांनी ती मागितली. 1980 च्या डिसेंबरात झालेल्या त्रोटक कायद्याने असे ठरविले की आपापल्या हद्दीतील अल्पस्तरीय कचऱ्याची विल्हेवाट लावणे ही ज्या त्या राज्याची जबाबदारी; राज्यांनी आपसांत करार करून गट बांधावेत, काँग्रेसची मान्यता घ्यावी, आणि 1 जानेवारी 1986 पासून अशा गटाला बाहेरचा माल नाकारता यावा. कृष्णेच्या पाण्यात आपला हिस्सा अधिक असावा म्हणून आपल्याकडील राज्ये लवादापुढे वर्षानुवर्षे उभी राहतात. तिकडे हिस्सा कोणालाच नको होता, आणि नको असलेल्या वस्तूची वाटणी करण्यासाठी कायद्याने बंधुभावाचे आवाहन केले होते.

मुदत जवळ आली तेव्हा एकही नवी जागा तयार नव्हती. म्हणून 1985 च्या दुरुस्तीने मुदत 1992 अखेरपर्यंत वाढविली, परंतु तीन अंकुश लावले. पहिला पैशाचा: जागा असलेल्या तीन राज्यांनी परक्या कचऱ्यावर घनफुटामागे प्रथम 10, पुढे 20 आणि शेवटी 40 डॉलर अधिभार घ्यावा व त्यातील काही वाटा वेळेत प्रगती करणाऱ्या राज्यांना परत मिळावा. दुसरा, ढिलाई करणाऱ्यांना प्रवेशबंदीचा. तिसरा अंकुश मात्र अपूर्व होता: 1996 पर्यंत ज्या राज्याने सोय केली नसेल त्याने आपल्या हद्दीतील खाजगी उत्पादकांच्या कचऱ्याचा मालकीहक्क स्वतःकडे घ्यावा व त्यापासून होणाऱ्या नुकसानीलाही जबाबदार राहावे. सरकारने खाजगी मालमत्ता बळाने ताब्यात घेतल्याच्या कहाण्या इतिहासात विपुल आहेत. सरकारच्या गळ्यात मालमत्ता बळाने मारण्याचा हा प्रयोग बहुधा विरळाच.

न्यूयॉर्क राज्याने कोणत्याही गटात न शिरता स्वतंत्रपणे जागा शोधण्यास आरंभ केला आणि त्याची दृष्टी ॲलेगनी व कोर्टलँड या ग्रामीण काउंट्यांकडे वळली. 1990 च्या एप्रिल महिन्यात पाहणीपथक कॅनीडीया गावी येत असता जेनेसी नदीवरील पुलावर काही वयोवृद्ध नागरिकांनी स्वतःला साखळीने जखडून घेतले व रस्ता रोखला. त्यांच्या मागे मुखवटे घातलेले तरुण आणि घोडेस्वार होते. नातवंडांच्या नावाने आजोबा-आजी बेड्या अडकवून बसलेले पाहिल्यावर पोलिसी बळाचा वापर करणे कोणत्याही निवडून आलेल्या गव्हर्नराला परवडणारे नसते. गव्हर्नर मारियो क्वोमो यांनी शोधाचे काम तहकूब केले. आणि न्यूयॉर्क राज्य या दोन काउंट्यांसह केंद्र सरकारविरुद्ध दावा घेऊन न्यायालयात गेले.

1992 च्या जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पैशाचा आणि प्रवेशबंदीचा असे दोन्ही अंकुश कायम राहिले. मालकीहक्काचे कलम मात्र सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द झाले. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांचा युक्तिवाद असा की काँग्रेस नागरिकांना आज्ञा करू शकते, राज्यांना प्रलोभन दाखवू शकते, परंतु राज्याच्या कायदेमंडळाला वेठीस धरून अमुक कायदा कर असे फर्मावू शकत नाही. कारण तसे झाले तर लोकांचा रोष राज्याच्या अधिकाऱ्यांना भोगावा लागतो आणि निर्णय घेणारे केंद्रातले अधिकारी नामानिराळे राहतात. न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींनीच या कायद्याला पूर्वी संमती दिली होती, या हरकतीला त्यांचे उत्तर होते की सत्तेची विभागणी नागरिकांच्या रक्षणासाठी आहे, म्हणून अधिकाऱ्यांना ती परस्पर सोडून देता येणार नाही. न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी भिन्न मत लिहिले: हे केंद्राचे फर्मान नव्हेच, राज्यांनी एकमेकांशी घासाघीस करून ठरविलेली ही तडजोड आहे, तिचा सात वर्षे लाभ घेऊन झाल्यावर बोजा उचलण्याची वेळ येताच न्यूयॉर्क घटनेच्या आडोशाला जात आहे. ओ'कॉनरबाईंच्या निवाड्याचे तात्त्विक सौष्ठव मान्य करूनही मला व्हाइट यांचे म्हणणे अधिक पटते. बार्नवेलच्या रहिवाशांनी या सात वर्षांत न्यूयॉर्कचा जो कचरा पुरून घेतला, त्याची नोंद या तत्त्वचर्चेत कोठेच नाही.

त्याच वर्षी राज्यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट घडली. अणुनियामक आयोगाने 1990 मध्ये असे धोरण जाहीर केले होते की ज्याचा किरणोत्सार अगदीच क्षीण आहे असा काही कचरा नियमनाबाहेर काढून सामान्य उकिरड्यावर टाकू द्यावा. शास्त्रीय दृष्ट्या या धोरणात तथ्यांश होता, परंतु मॅक्सी फ्लॅट्सच्या अनुभवानंतर आयोग 'येथे देखरेखीची गरज नाही' असे म्हणू लागला की लोकांच्या कपाळाला आठ्या पडणारच. अनेक राज्यांनी असला माल सामान्य कचऱ्यात मिसळण्यास बंदी करणारे कायदे केले, आणि 1992 च्या ऊर्जाधोरण कायद्यान्वये काँग्रेसने आयोगाचे धोरण रद्द ठरवून अशा सूट दिलेल्या कचऱ्याचे नियमन करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला.

मात्र राज्याने आपखुशीने केलेल्या कराराचे काय, हा प्रश्न शिल्लक होताच. नेब्रास्काने कॅन्सस, ओक्लाहोमा, आर्कान्सा व लुइझियाना यांच्याशी करार केला होता आणि बॉइड काउंटीत, तीन हजारांच्याही आतील वस्तीत, जागा निश्चित झाली. अर्ज आला, तपासणीत आठ वर्षे गेली, दफ्तरे फुगली, आणि 1998 च्या डिसेंबरात राज्याने परवाना नामंजूर केला. ही दिरंगाई व नकार दुष्टहेतूने, राजकीय दडपणाखाली झाला, असे ठरवून संघ न्यायालयाने 2002 मध्ये 15 कोटी 10 लाख डॉलरची भरपाई नेब्रास्कावर लादली. पुढे 14 कोटी 10 लाखांवर तडजोड झाली. याच्या नेमके उलट उत्तर कॅरोलिनाचे. आग्नेय गटातील सहकारी राज्यांकडून सुमारे 8 कोटी डॉलर घेऊनही उत्तर कॅरोलिनाने जागा उभारली नाही आणि 1999 मध्ये गट सोडला. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आर्थिक दंड करण्याचा अधिकार करारनाम्याच्या मजकुरात नाही, सबब दंड बसत नाही. एकाचा हेतू तपासला गेला, दुसऱ्याचा दस्तऐवज.

कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातील वॉर्ड व्हॅली येथेही कोलोरॅडो नदीकाठच्या पाच आदिवासी जमातींनी 1998 मध्ये ठाण मांडून जागेचा बेत हाणून पाडला. मेक्सिकोच्या सरहद्दीनजीकचे टेक्सासमधील सिएरा ब्लँका त्याच वर्षी नाकारले गेले. 1999 मध्ये काँग्रेसच्या हिशेबतपासणी कार्यालयाने जमाखर्च मांडला तेव्हा राज्यांनी मिळून सुमारे 60 कोटी डॉलर खर्च केले होते आणि नव्या जागांची संख्या शून्य होती. गंमत अशी की कचरा मात्र कमी झाला: अधिभार इतका डोईजड झाला की कारखानदारांनी माल दाबून, जाळून, निवडून त्याचे आकारमान 1980 च्या मानाने निम्म्याहून खाली आणले. जे काम कोणत्याही कलमात लिहिलेले नव्हते ते दरपत्रकाने करून दाखविले.

या साऱ्यात मराठी वाचकाला परके वाटण्याजोगे बरेच आहे. आपल्या संविधानात अणुशक्ती हा विषय संघसूचीच्या सहाव्या नोंदीत आहे. किरणोत्सारी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे 1987 चे नियम केंद्राचे. तुर्भे व तारापूर येथील संस्थांचा कचरा आपल्या राज्याच्या भूमीवर हाताळला जातो, पण त्याविषयी कायदा करण्याची मुखत्यारी आपल्या विधानसभेला नाही. भांडण नाही याचे कारण समेट झाला असे नव्हे. भांडणारास दाराशी उभे राहण्याचा हक्क नाही, इतकेच.

अमेरिकेत आज हा भार कोण वाहतो? बार्नवेलने 1 जुलै 2008 पासून आपल्या गटाबाहेरच्यांना दार लावले आणि 36 राज्यांतील ब व क वर्गाचा कचरा जागच्या जागी साठू लागला. युटातील क्लाइव्ह येथील खाजगी जागेत केवळ अ वर्गाचा माल जातो, कारण त्यापुढील वर्गांना 2005 च्या राज्यकायद्याने बंदी आहे; त्याच कंपनीने इटलीतील हजारो टन कचरा आणण्याचा घाट घातला तेव्हा संबंधित राज्यगटाला तो अडविता येतो असे संघ अपील न्यायालयाने 2010 मध्ये सांगितले. टेक्सासने मात्र 2003 मध्ये कायदा बदलून खाजगी कंपनीला मुभा दिली, अँड्र्यूज काउंटीतील जागा 2012 मध्ये उघडली, आणि 2011 च्या कायद्याने परराज्यांचा मालही जादा शुल्क घेऊन मर्यादित प्रमाणात स्वीकारण्याचे ठरले. म्हणजे ज्या कायद्याने प्रत्येकाने आपला भार उचलावा असे म्हटले होते, त्याच्या अंमलात बहुतेकांचा भार पुन्हा बोटावर मोजण्याइतक्या ठिकाणीच जाऊन पडला. फरक एवढाच की आता त्याचा दर ठरलेला आहे.

त्याच अँड्र्यूज काउंटीत वापरलेले अणुइंधन साठविण्याचा परवाना केंद्रीय आयोग 2021 मध्ये देण्याच्या बेतात असता टेक्सासच्या कायदेमंडळाने तातडीने बंदीचा कायदा केला, व परवाना दिला गेल्यावर राज्याने वाद न्यायालयात नेला. इंधन अल्पस्तरीय नव्हे, तेथे राज्यांची मुखत्यारी चालत नाही. तरीही असा परवाना देण्याचा अधिकार आयोगाला आहे का, या मूळ प्रश्नाचा फैसला झालाच नाही. परवान्याच्या चौकशीत टेक्सास रीतसर पक्षकार नव्हते, म्हणून त्यास दाद मागता येणार नाही, असे सांगून 2025 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा बाजूला सारला, तोही सहा विरुद्ध तीन मतांनीच.