मलम लावलं, बोक्यानं चाटलं

शेपटीच्या बुडाशी टचटचीत सूज, तिच्यावर मलमानं चिकटलेले केस. टेबलावर टॉवेलात गुंडाळलेला बोका गुंगीत असूनही गुरगुरतोय. ‘‘रोज सोफ्रामायसिन लावतेय, तरी उतरत नाही,’’ काकू सांगतात. डॉक्टर ट्रिमर फिरवता फिरवताच म्हणतात, ‘‘काकू, तुम्ही लावता आणि तो खातो.’’

केस निघाल्यावर दिसतात टाचणीच्या टोकाएवढ्या दोन खपल्या. दुसऱ्या बोक्याचे सुळे. चावा मागच्या बाजूला आहे, म्हणजे स्वारी पळ काढताना सापडली असणार. सुळा जंतू खोलवर सोडून येतो, वरची कातडी लगेच मिटते आणि आत पू साचतो. मलम बसतं मिटलेल्या दारावर. ओल्या गॉजनं खपली उचलताच पू वाहू लागतो. वास असा की काकू खिडकीपाशी सरकतात. मग सिरिंजनं सलाइन मारत राहायचं, स्वच्छ पाणी येईपर्यंत. कडेची कातडी पुसायला बीटाडीन, तेही बिनदुधाच्या फिक्या चहाइतकं पातळ केलेलं. जखम शिवायची नाही, वाहू द्यायची. अँटिबायोटिक पोटातून. गळ्यात कॉलर. सगळ्या उपचारात बोक्याला सर्वांत अमान्य तीच, आणि घरी गेल्यावर कीव येऊन पहिली काढली जाते तीही तीच.

सोफ्रामायसिन थोडं चाटलं म्हणून सहसा अनर्थ होत नाही. उलटी, जुलाब होऊ शकतात. निओस्पोरिनमधल्या पॉलिमिक्सिनबद्दल मात्र डॉक्टर जास्त सावध असतात. 1993 ते 2010 या काळातल्या 61 मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध आहेत: डोळ्यांत अँटिबायोटिक औषध घातल्यावर चार तासांच्या आत तीव्र अ‍ॅलर्जी. त्या सगळ्या औषधांत पॉलिमिक्सिन होतं. असं क्वचितच घडतं, पण घडलं की धावपळीला वेळ उरत नाही. माझ्या मते त्याहून वाईट म्हणजे आपल्याकडच्या ‘सगळ्यावर चालणाऱ्या’ ट्यूबा, ज्यांत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइडही असतं. नायट्यावर लावलं तर खाज थांबते, नायटा पसरतो आणि पुढे घरातल्या पोरांनाही होतो. डेटॉलचं तर नावच नको. त्यातल्या फिनॉलच्या जातीच्या रसायनाचा निचरा मांजराच्या यकृताला नीट जमत नाही.

‘‘आणि तुम्ही स्वतः गुडघ्याला काय चोळता?’’ डॉक्टर विचारतात. काकू चमकतात. प्रश्न गमतीचा नाही. 2015 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं इशारा दिला होता: दोन घरांत माणसं स्वतःच्या अंगाला फ्लर्बिप्रोफेन हे वेदनाशामक असलेलं मलम लावत होती. मांजरांना कुणी ते लावलं नव्हतं. तरी पाच मांजरं आजारी पडली, त्यातली तीन गेली.

‘‘हा माझ्या मांडीवरच झोपतो हो,’’ काकू म्हणाल्या आणि पर्समधून जेलची ट्यूब काढून डॉक्टरांपुढे धरली.