झांशीच्या मोर्च्यांवरील स्त्रिया

स्त्रियांस प्रत्यक्ष युद्धांत घ्यावें कीं नाहीं, या वादांत दोन्ही पक्ष इतिहासाची साक्ष काढतात. अनुकूल पक्ष राणी लक्ष्मीबाईसाहेबांचें नांव घेतो; प्रतिकूल पक्ष म्हणतो कीं, त्या राज्यकर्त्या होत्या, अपवादावरून नियम बांधतां येत नाहीं. झांशीच्याच वेढ्यांतील एक लहानसा पुरावा मात्र दोघांच्याहि नजरेंतून निसटतो. त्याचा येथें विचार करूं.

प्रथम शास्त्र. शय्येवरून उठलेल्या राजाभोंवतीं धनुर्धारी स्त्रियांचा गण असावा, असें कौटिलीय अर्थशास्त्रांत सांगितलें आहे. परंतु विधि म्हणजे वृत्त नव्हे. ‘असावें’ या वचनावरून ‘होतें’ हें सिद्ध होत नाहीं. म्हणून समकालीन साधनांकडे वळणें प्राप्त आहे.

मार्च १८५८ मध्यें सर ह्यू रोज यानें झांशीस वेढा घातला. ३ एप्रिल रोजीं इंग्रजी फौज शहरांत शिरली. या वेढ्याच्या वृत्तांतांत रोज नमूद करतो कीं, स्त्रिया तोफांच्या मोर्च्यांवर काम करतांना व दारूगोळा वाहतांना दिसत होत्या. त्या तटाची डागडुजी करीत व शिपायांस अन्नपाणी पोंचवीत, असें मॅलेसनहि लिहितो. पण तो मागाहून लिहिणारा संकलक, सबब ती साक्ष दुय्यम होय. प्रतिकार कडवा दाखविला म्हणजे विजय मोठा दिसतो, असा आक्षेप रोजवर घेतां येईल. तथापि तेवढ्याकरितां शत्रूची संख्या फुगविली असती तरी भागलें असतें. दारूगोळा वाहणाऱ्या स्त्रिया कल्पिण्याचें प्रयोजन दिसत नाहीं.

घरचे साक्षीदार वरसईचे विष्णुभट गोडसे. ते वेढ्याच्या वेळीं झांशींत होते. राणीसाहेबांचा पुरुषवेष व घोड्यावरची बैठक त्यांनीं वर्णिली आहे. परंतु लेखन घटनेनंतर सुमारें पंचवीस वर्षांचें. शिवाय चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं छापलेल्या प्रतींत फेरफार आहेत; म्हणून पोतदारांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केलेली मूळ संहिताच प्रमाण मानावी. झलकारीबाईची कथा लोकपरंपरेंत दृढ आहे. समकालीन कागद हातीं येईपर्यंत ती परंपरा म्हणूनच सांगावी.

यावरून निष्कर्ष काय? मोर्च्यावर दारूगोळा पोंचविणारी स्त्री लढणारी कीं साहाय्यक, हा भेद कचेरींतला आहे. शत्रूच्या गोळ्यास तो कळत नाहीं. तोफ डागणारा आणि तिला दारू पुरविणारी, दोघेंहि एकाच माऱ्याखालीं उभीं होतीं. स्त्रियांस युद्धापासून दूर ठेवलें म्हणजे युद्ध स्त्रियांपासून दूर राहतें, असें झांशींत घडलें नाहीं. त्यांना धोका मिळाला. रोजच्या वृत्तांतांत नांव तेवढें मिळालें नाहीं.

१९४३ सालीं आझाद हिंद फौजेंतील स्त्रियांच्या पलटणीस झांशीच्या राणीचें नांव दिलें गेलें. २०२३ सालीं भारतीय तोफखान्यांत स्त्री-अधिकारी दाखल झाल्या. पुढें काय करावें, हें इतिहासानें ठरवूं नये. परंतु ‘पूर्वी असें नव्हतें’ असें कोणी म्हणेल, तर त्यास रोजचा वृत्तांत दाखवावा.

संग्राहकांस एक विनंति. बुंदेलखंडाकडील दप्तरें चाळतांना रोजमुरा, इनाम वा नुकसानभरपाई यांच्या नोंदींत स्त्रीचें नांव आढळल्यास तें किरकोळ समजून वगळूं नये. अनामिकांपैकीं एकीचें जरी नांव लागलें, तरी श्रम सार्थकीं लागतील.